आधी दिवस मोज

स्कीच्या दुकानात गेलं की काउंटरमागचा माणूस एक साधा प्रश्न विचारतो. "तुम्ही डोंगराच्या कोणत्या भागात जास्त स्की करता?" या प्रश्नाला खरं उत्तर क्वचितच कुणी देतं. जिमच्या फॉर्मवर 'आठवड्यातून किती दिवस येणार' या रकान्यात आपण जे लिहितो, तसंच काहीसं इथं होतं. माणूस आपलं स्वप्न सांगतो: गुडघाभर ताजा बर्फ, निळं आकाश, झाडांमधून जाणारी एकटी वाट. मग दुकानदार त्या स्वप्नाला शोभेल अशी जोडी भिंतीवरून काढून देतो.

यंदाच्या मार्चमध्ये मला नवीन जोडी घ्यायची होती. मी मूळची कराडजवळच्या एका गावातली. गेली नऊ वर्षं अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात राहते. पुलांचं डिझाइन करणं हे माझं काम. पंचविसाव्या वर्षापर्यंत मी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या गुऱ्हाळावर, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. इथं आल्यावर ऑफिसमधल्या लोकांबरोबर एकदा डोंगरावर गेले, दिवसभर आपटले आणि पुढच्या शनिवारी परत गेले. त्याला आता आठ हिवाळे झाले.

घरी फोनवर आई या प्रकरणाला 'तुझ्या त्या स्क्या' म्हणते. काठी-काठ्या, नदी-नद्या, तशी स्की-स्क्या. व्याकरण तिच्या बाजूनं आहे, म्हणून मीही इथं स्क्याच म्हणणार आहे.

माझ्या जुन्या स्क्या पहिल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीकडून वापरलेल्या घेतल्या होत्या. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी असते. कडक बर्फावर पकड येते ती या पट्टीमुळे. पट्टी बोथट होते, मग कानशीनं घासून धार लावायची. दर धारेला थोडं पोलाद जातं. या जानेवारीत धार लावणाऱ्यानं स्क्या परत देताना सांगितलं, "आता घासायला काही शिल्लक नाही." विळा झिजत झिजत नुसता कणा उरतो ना, तसं झालं होतं.

म्हणजे नवीन घेणं भागच होतं. पैसे एका जोडीपुरते, घरातल्या कोपऱ्यात जागाही एकाच जोडीपुरती. पण हे दोन्ही प्रश्न तसे किरकोळ. खरा प्रश्न वेगळाच होता. माझा व्हिसा एच-वन-बी. तो नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर नवीन मालक शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना दशकं थांबावं लागतं, त्यामुळे तो विचार मी करत नाही. जानेवारीतच आमच्या ऑफिसच्या हातून दोन मोठी कामं गेली आणि माझ्या ओळीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. अशा वेळी सहा-सात हिवाळे टिकणारी वस्तू घ्यायची, तर ती कुठल्या डोंगरासाठी घ्यायची?

*

ज्यांनी कधी स्की पायात घातली नाही, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्क्यांचे ढोबळ प्रकार त्यांच्या कमरेवरून ठरतात. कंबर म्हणजे बुटाखालची रुंदी. 80 मिलिमीटरच्या आतली स्की तयार, दाबलेल्या उतारांसाठी. 105 च्या पुढची खोल, भुसभुशीत बर्फासाठी. या दोघींच्या मध्ये, साधारण 85 ते 100 मध्ये जे राहतं, त्याला दुकानदार 'ऑल-माउंटन' म्हणतात. अख्ख्या डोंगराला चालणारी. इथले लोक आपल्याकडच्या सगळ्या जोड्यांना मिळून 'क्विव्हर' म्हणतात, म्हणजे भाता. ज्याला परवडतं त्याच्या भात्यात चार-पाच जोड्या असतात. मला एकाच बाणाचा भाता हवा होता.

रुंद स्की मऊ बर्फात वर तरंगते, कारण वजन जास्त जागेवर पसरतं. मग सगळ्यांनी रुंदच का घेऊ नये? याचं उत्तर गुडघ्याला विचारावं. वळताना स्की आडवी कलवून कडेवर उभं राहावं लागतं. 75 मिलिमीटरच्या स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून साडेसदतीस मिलिमीटरवर असते, 100 च्या स्कीची 50 वर. तरफेचा दांडा जितका लांब, तितकं स्कीला कलतं ठेवायला पायाला आणि गुडघ्याला जास्त काम. एका वळणाला ते जाणवत नाही. कडक बर्फावर दिवसभरात शेकडो वळणं झाली की संध्याकाळी जिना उतरताना जाणवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजूनं दिसणारा आकार. रिकामी स्की टेबलावर ठेवली तर पारंपरिक स्कीचा मधला भाग किंचित वर उचललेला दिसतो. याला कॅम्बर म्हणतात आणि हा शब्द मला स्कीच्या आधीपासून माहीत आहे. पुलाचे काँक्रीटचे गर्डर यार्डात पडलेले असतात तेव्हा तेही असेच मध्ये वर आलेले असतात. आतल्या ताणलेल्या तारा त्यांना वर वाकवतात. वर स्लॅबचं वजन आलं की गर्डर सपाट होतो. स्कीही तशीच. तुम्ही उभे राहिलात की ती सपाट होते आणि तुमचं वजन टोकापासून शेपटीपर्यंत अख्ख्या कडेवर पोचवते. म्हणून पकड येते. याच्या उलट असतो रॉकर. त्यात टोक होडीच्या नाकासारखं आधीपासूनच वर उचललेलं असतं. मऊ बर्फात ते बुडत नाही आणि तुडवलेल्या बर्फात अडकत नाही. आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्क्यांमध्ये हे दोन्ही असतं. टोकाला रॉकर, पायाखाली कॅम्बर. शेपटीला थोडा रॉकर किंवा जवळजवळ सपाट.

ही जोडणी काही एका दिवसात झालेली नाही. 1950 मध्ये हॉवर्ड हेड या अमेरिकी माणसानं स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तो आधी विमानांच्या कारखान्यात काम करायचा. लाकडाच्या गाभ्याला वरून-खालून ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवायचे, ही विमानाची युक्ती त्यानं स्कीत आणली. तेव्हाच्या स्क्या सरळसोट आणि चांगल्या लांब. त्या वळवायच्या म्हणजे ताकद आणि वर्षानुवर्षांचा सराव हवा. मग 1993 च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीनं एससीएक्स नावाची स्की काढली. टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये बारीक, डमरूसारखी. ती कलवली की आपोआप वळायची. आणि 2002 च्या सुमारास शेन मॅककॉन्की या स्कीपटूच्या डोक्यातली स्पॅचुला आली. त्याचं म्हणणं असं की खोल बर्फ जमिनीसारखा कमी आणि पाण्यासारखा जास्त वागतो, मग स्की पाण्यावरच्या स्कीसारखी का नको? त्यानं अलास्कात पाण्यावरच्या स्क्यांना बाइंडिंग लावून उतरूनही पाहिलं होतं. आज दुकानात जी ऑल-माउंटन स्की मिळते ती या दोन विचारांची नात आहे. कमरेचा आकार एलानकडून, उचललेलं टोक मॅककॉन्कीकडून, आणि आतला पत्रा अजूनही हॉवर्ड हेडच्या घरचा.

नातीला दोन्ही आजोळांचं थोडं थोडं मिळतं, पूर्ण कुणाचंच नाही. ऑल-माउंटन स्कीचंही तसंच. ती सगळीकडे चालते म्हणजे सगळीकडे थोडी थोडी कमी पडते. त्यामुळे 'सगळ्यांत चांगली कोणती' असं विचारून उपयोग नसतो. ती कुठं कमी पडलेली मला चालेल, हे आधी ठरवावं लागतं.

*

याचं उत्तर द्यायला माझ्याकडे एक वही होती.

आपल्याकडे पावसाला किती शब्द! वळीव, रिमझिम, भुरभुर, सर, झड, मुसळधार, संततधार. ज्याचं पोट पावसावर, त्याला हे वेगवेगळे दिसतात. बर्फाला मात्र आपण घरच्या फ्रीजमधल्यालाही बर्फ म्हणतो आणि हिमालयातल्यालाही बर्फ. इंग्रजी शब्द शिकले, पण ते डोक्यात टिकायचे नाहीत. म्हणून दोन हिवाळ्यांपूर्वी मी माझे शब्द करून वहीत लिहायला लागले. रात्री पडलेला कोरडा, हलका बर्फ म्हणजे 'पीठ'. यंत्रानं रेघा मारून दाबलेला उतार 'विंचरलेला'. सावलीतला, रात्रीत गोठलेला 'फरशी'. लोकांनी वळून वळून झालेले उंचवटे म्हणजे 'टेंगळं'. सकाळच्या पिठाची दुपारी झालेली वाट म्हणजे 'तुडवलेला'. वरून कडक, पाय पडला की मोडणारा तो 'पापुद्रा'. आणि एप्रिल-मेमधला माझा आवडता 'साबुदाणा'. रात्री गोठून सकाळी त्याचा दगड असतो, अकराच्या सुमारास उन्हानं दाणे सुटे होतात, दोनपर्यंत गचका होतो. बरोबर वेळ साधावी लागते, खिचडीसारखीच.

दर वेळी डोंगरावरून परत आल्यावर मी गाडीत बसून एक ओळ लिहायची. तारीख, जागा, दिवसाचा बराचसा वेळ कुठल्या बर्फावर गेला. मार्चमध्ये वही उघडून बेरीज केली. दोन हिवाळ्यांत 43 दिवस. विंचरलेला आणि फरशी मिळून 17. टेंगळं, तुडवलेला आणि पापुद्रा मिळून 15. साबुदाणा 6. घोट्याच्या वर पीठ 5.

पाच. कोलोरॅडोचा बर्फ कोरडा आणि हलका म्हणून नावाजलेला आहे, पण वादळं शनिवार-रविवार बघून येत नाहीत. मंगळवारी पडलेला बर्फ शनिवारपर्यंत हजारो लोकांनी तुडवलेला असतो. शिवाय रॉकीजमध्ये झाडांची रेषा संपली की वारा असतो आणि तो पिठाचा पापुद्रा करून ठेवतो. त्या पाच दिवसांतसुद्धा सकाळी अकरानंतर माझ्या वाट्याला तुडवलेलाच आला होता. आणि तरीही मला विचारलं असतं की तू कशी स्की करतेस, तर डोळ्यांपुढे ते पाचच दिवस आले असते. आठवणीत पीठच राहतं. 17 दिवसांची फरशी कुणाच्या फोनच्या गॅलरीत नसते.

43 पैकी 32 दिवस कडक नाहीतर मोडलेला बर्फ. एवढ्या एका आकड्यानं भिंतीवरच्या निम्म्या स्क्या बाद झाल्या.

*

उरलेल्यांत निवडायला लोक रिव्ह्यू वाचतात. मीही वाचले. पण रिव्ह्यू वाचताना एक गोष्ट शोधायची सवय मी लावून घेतली आहे. लिहिणाऱ्याचं वजन. चांगले परीक्षक ते देतात. ते बऱ्याचदा 80 किलोच्या आसपास असतं. माझं 58.

स्की ही शेवटी एक वाकणारी तुळई आहे. ती किती वाकेल हे तिच्या कडकपणावर आणि तिच्यावरच्या भारावर ठरतं. 80 किलोचा माणूस वेगात ज्या स्कीला 'नेमकी' म्हणतो, ती माझ्या पायाखाली न वाकता फळीसारखी पडून राहू शकते. आणि न वाकलेली स्की वळत नाही, नुसती पुढे जाते. ऑल-माउंटन स्क्यांत लाकडी गाभ्याबरोबर बऱ्याचदा टायटॅनल नावाचा पत्रा असतो. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण ते बहुतांशी ॲल्युमिनियम असतं. पत्र्यामुळे स्की वेगात थरथरत नाही आणि फरशीवर पीळ न पडता कड धरून ठेवते. पण पत्र्याबरोबर वजन येतं आणि हट्टीपणाही येतो. दोन पूर्ण थर असलेल्या स्कीला रोज सकाळी पटवावं लागतं.

बायकांसाठीच्या स्क्या हा आणखी एक गोंधळ. काहींत पुरुषांच्याच स्कीला वेगळा रंग दिलेला असतो. काहींत खरोखरच धातू कमी, वजन कमी आणि लांबीचे पर्याय आखूड असतात. नॉर्डिकाची एन्फोर्सर आणि तिची बहीण सांता आना, फोल्कलची मँत्रा आणि तिची बहीण सीक्रेट, अशा जोड्या दुकानात शेजारीशेजारी लटकलेल्या दिसतात. पाटी कुठली आहे ते बघू नये, आत किती धातू आहे ते विचारावं. पायात बाई आहे की बाप्या हे स्कीला कळत नाही. तिला वजन कळतं आणि वेग कळतो.

'ॲडव्हान्स्ड' हा शब्दही जपून घ्यावा. इथं काळ्या चौकटीची खूण असलेले उतार अवघड समजले जातात. मी त्यांवर कुठंही थांबू शकते, कुठूनही वळू शकते, कडेवर कापत वळणं घेऊ शकते. याला ॲडव्हान्स्ड म्हणतात. एक्सपर्ट म्हणजे हे सगळं दुप्पट वेगात, दिवसाच्या शेवटच्या फेरीतही. या दोन्हींमधलं अंतर दुकानात कुणी सांगत नाही, कारण जास्त कडक स्की दाखवली की गिऱ्हाईक खूश होतं.

*

एवढं सगळं कळत असूनही मी पंधरा दिवस एका भलत्याच स्कीभोवती फिरत होते. कंबर 106. मोसम संपत आला की दुकानं माल काढायला बसतात. तिच्यावर भरघोस सूट होती. माझ्या वहीप्रमाणे ती वर्षात दोन-तीन दिवसांची स्की. पण माझं मन कोलोरॅडोत नव्हतंच. ते गुलमर्गला गेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी घरी गेले होते, तेव्हा चार दिवस गुलमर्गला जाऊन आले. तिथल्या गंडोल्याचा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला. तो तुम्हाला अफरवट डोंगरावर जवळपास 4,000 मीटरवर नेऊन सोडतो. वर विंचरलेले उतार नाहीत. फक्त डोंगर आणि त्यावर पडलेला बर्फ. हिमस्खलनाचा धोका खरा असतो. त्यामुळे माहीतगार गाइड आणि बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारं बीकन, फावडं, प्रोब हे सोबत असल्याशिवाय तिथं जायचं नसतं. पण पीठ म्हणजे काय, ते तिथं कळतं. हिंदी बोलत, नून चहा पीत, आपल्या देशात स्की करता येते हे मला तेव्हा नव्यानं कळलं होतं.

आता ऑफिसच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघताना हिशेब असा चालला होता: 60 दिवसांत जावं लागलं तर या स्क्या बरोबर येतील. भारतात आल्यावर स्की करायची तर गुलमर्ग. गुलमर्गला 106 बरोबर. म्हणजे आत्ता 106 घेणं शहाणपणाचं. हिशेबात चूक काढता येत नव्हती. फक्त तो करताना पोटात गोळा असायचा.

आप्पांशी रविवारी फोन असतो. आप्पांना स्कीतलं काही माहीत नाही. त्यांची चार एकर उसाची शेती. मी त्यांना सगळं सांगितलं नाही, नोकरीचं तर मुळीच नाही. एवढंच म्हणाले, "आप्पा, एकच वस्तू घ्यायची आहे आणि कामं दोन आहेत. एक रोजचं, एक कधीतरीचं. तुम्ही ट्रॅक्टर घेतला तेव्हा काय बघितलं होतं?"

ते म्हणाले, "आधी दिवस मोजले. नांगरटीला पन्नासचाच बरा वाटत होता. पण नांगर वर्षातनं पंधरा दिवस. बाकी सरीत भर लावणं, फवारणी, ट्रेलर. पन्नासचा घेतला असता तर पंधरा दिवस राजा आणि बाकी वर्ष डिझेल."

"मग नांगरटीचं?"

"नांगरटीला भाड्यानं आणतो की. तू लहान होतीस तेव्हापास्नं आणतोय."

मी विचारलं, "पण उद्याचं काही ठेवायचंच नाही का? पुढं काम बदललं तर?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बियाणं ठेवतोच की उद्याचं. पण ते खाऊन उरल्यातलं. अवजार एकच असलं तर आजच्या रानाचं घ्यायचं, बाळा." आणि मग आवाज बदलून, "तिकडं सगळं बरं आहे ना?"

मी म्हणाले, आहे. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी तरी बरंच होतं.

*

पुढच्या शनिवारी मी बर्थूड घाट ओलांडून विंटर पार्कला गेले. मोसमाच्या शेवटी बरीच दुकानं चाचणीसाठी स्क्या देतात आणि घेतली तर ते भाडं किमतीतून वजा करतात. मी तीन जोड्या निवडल्या. एक 88 ची, पत्र्याची. एक 94 ची, पत्र्याचा एकच थर असलेली. एक 98 ची, पत्रा नसलेली, हलकी. तिन्हींना ताजी धार आहे का हे आधी नखावरून बघून घेतलं. बोथट स्कीची चाचणी म्हणजे पंक्चर सायकलची चाचणी.

प्रत्येक जोडीवर त्याच तीन फेऱ्या. सकाळची फरशी, मेरी जेन भागातली टेंगळं (ती तिथली प्रसिद्ध आहेत) आणि झाडांमधला तुडवलेला. 88 ची फरशीवर रुळावरच्या गाडीसारखी गेली, पण झाडांत टोक सारखं खाली शिरायचं. 98 ची झाडांत नाचली, टेंगळांत वळायला कुणी विचारायच्या आधी वळली, पण सकाळच्या फरशीवर वेगात टोकं फडफडली आणि मला वेग कमी करावा लागला. 94 ची कुठंच सगळ्यांत चांगली नव्हती. कुठंही मला तिचा विचार करावा लागला नाही, एवढंच.

चौथी फेरी मी मुद्दाम साडेतीनला घेतली, पाय थकल्यावर. हे कुणीही स्की घेणाऱ्यानं करावं असं मला वाटतं. ताज्या पायांना सगळ्याच स्क्या आवडतात. थकलेली मी जरा मागे रेलते, एखादं वळण उशिरा सुरू होतं. 88 ची तेव्हा सरळ निघून जायला बघायची. 94 ची थांबायची, जणू म्हणायची, ये सावकाश. माझे 43 दिवस असेच संपले होते, दुपारी साडेतीनला, थकलेल्या पायांनी. म्हणून तिच्यावर शिक्का मारला. लांबी माझ्या उंचीच्या जवळपास, 167 सेंटिमीटर. रॉकरमुळे टोकाचा थोडा भाग कडक बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे इतकी लांबी जड जात नाही. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढच्या वर्षी ते मॉडेल बदललेलं असेल आणि तुमचं वजन, तुमचा डोंगर माझा नाही.

106 ची अजून भिंतीवर होती. गुलमर्गला जायची वेळ आली तर तिथं रुंद स्क्या भाड्यानं मिळतात. आप्पांच्या नांगरासारख्या.

बाइंडिंग बसवताना दुकानात एक फॉर्म भरावा लागतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता: सावध, मध्यम की आक्रमक. यावरून बाइंडिंगचा आकडा ठरतो, म्हणजे पडल्यावर किती जोर आला की बूट सुटायचा. फार कमी ठेवला तर चालत्या वळणात स्की निघून जाते, फार जास्त ठेवला तर स्की सुटत नाही आणि पाय पिळवटतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाचा तक्ता आहे. दुकानदार त्यात बघतो, स्वतःच्या मनानं ठरवत नाही. 'आक्रमक' लिहायची खुमखुमी इथं गुडघ्यावर येते. मी 'मध्यम' वर खूण केली. व्हिसाचा रकाना फॉर्मवर नव्हता. मग त्यानं माझ्या बुटाच्या मापानं ड्रिलनं भोकं पाडली. भोकं पाडलेली स्की परत करता येत नाही. विकायला काढली तर किंमतही पडते.

त्या रविवारी आप्पांनी विचारलं, "किती वर्षं टिकतील?"

स्की वर्षांवर टिकत नाही, दिवसांवर टिकते. नीट राखली, वेळेवर मेण आणि धार केली, तर माझ्यासारखीच्या हातात शंभर-सव्वाशे दिवस. मी त्यांना तसंच सांगितलं. एप्रिल संपतोय. ऑफिसमधली माझी खुर्ची अजून माझी आहे. सव्वाशेतले सहा दिवस वापरून झाले. तीन फरशीचे, दोन साबुदाण्याचे आणि एक, कुणाच्याही हिशेबात नसलेला, पिठाचा.